माफी मागायला देचम्मा

देचम्मा दारात आली, हातात कापडी पिशवी असली आणि पिशवीतून मधाच्या बाटलीचं बूच डोकावत असलं, की आमच्या गावातली माणसं समजून जायची. "काय अक्का, आज कुणाचे दात पाडले चेंगप्पानं?" असं कुणी हसत विचारायचं, कुणी न हसता. पण खुर्ची सगळेच पुढे करायचे. ती खुर्चीवर कधी बसली नाही. ओसरीच्या कडेला टेकायची, पदर सारखा करायची आणि ठरलेलं वाक्य म्हणायची, "चुकलं आमचं. लेकरू आहे. पोटात घाला."

समोरचं माणूस कितीही तापलेलं असो, शेवटी सुस्कारा सोडायचं. "तुझ्याकडे बघून सोडतो हो, अक्का. नाहीतर पोलिसात गेलो असतो." मग कॉफी यायची. कॉफी पिऊन देचम्मा चढण चढून घरी यायची, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

आता हे लेकरू केवढं होतं, तर कोळेयंड कुळातला सहा फुटी गडी. पेनल्टी कॉर्नरला चेंगप्पा हॉकीची स्टिक घेऊन उभा राहिला, की समोरचा गोलकीपर आधी देवाचं नाव घ्यायचा. विसाव्या वर्षी त्याला देशाच्या ज्युनियर संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं. गुण होते, भरपूर होते, नाही म्हणणाऱ्याची जीभ झडेल. पण त्या गुणांच्या मागे त्याचा बाप उभा होता, तो उत्तय्या.

उत्तय्या फौजेत असताना रेजिमेंटच्या संघात निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात त्याचा गुडघा गेला. गुडघा गेला, पण हॉकी काही डोक्यातून गेली नाही. मुलगा झाला तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे त्यानं अंगणात बंदुकीचा बार काढला आणि धूर विरायच्या आत म्हणाला, "सेंटर हाफ आला!" बाळंतिणीनं ते आतून ऐकलं. तिला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे हसण्यासारखं फार उरलं नाही. पोर सहा वर्षांचं झालं, तसं उत्तय्यानं कॉफी वाळवायचं खळं त्याच्या सरावाला दिलं. एका टोकाला फळ्या ठोकून गोल केला. पहाटेपासून ठाक, ठाक, ठाक. देचम्मानं विचारलं, "अहो, मग कॉफी कुठं वाळवू?"

"रस्त्यावर वाळव. कॉफी दरवर्षी येते, ऑलिंपिक चार वर्षांनी येतं."

ती ताडपत्री घेऊन रस्त्याकडेला बसू लागली. गुरं हाकायची, जीपवाल्यांना हात करून वेग कमी करायला लावायची. मिरीचे वेलही तीच बघायची, मजुरांचा स्वयंपाकही तीच. उत्तय्या पोराला घेऊन या मैदानावरून त्या मैदानावर. सामना सुरू झाला की हा गडी लंगडत लंगडत सीमारेषेवरून धावायचा आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. "डोळे आहेत की बटणं? कुणाकडून जेवून आलास रे?" आणि पोराला, "उभा काय राहिलास पुतळ्यासारखा! घाल अंगावर!" पोर घालायचं अंगावर.

अकरा वर्षांचा असताना चेंगप्पानं शेजारच्या मोन्नप्पाच्या पोराच्या तोंडावर स्टिक मारली. चुकून नव्हे, वळून, नेम धरून. उत्तय्या काय म्हणाला? "स्टिकच्या आड तोंड कशाला आणलं त्यानं?" घरी सामना हरून आलं तर पोराला पट्टा मिळायचा. मारामारी करून आलं, तर उत्तय्या त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "खेळाडूत रग पाहिजेच!" असल्या शाळेत दुसरं काय शिकणार पोर?

मोन्नप्पाच्या घरी मग देचम्मा गेली. ती पहिली खेप. नंतर हेडमास्तरांकडे गेली, बसच्या कंडक्टरकडे गेली, मैसूरच्या हॉस्टेलच्या वॉर्डनकडे तर ती बस बदलत गेली आणि त्याच्या बायकोसाठी कडू संत्र्यांचं लोणचं घेऊन गेली. सगळ्यांनी तिच्याकडे बघून सोडलं. आणि खोटं कशाला बोलायचं, देचम्माला त्या सोडण्यात एक सुख होतं. लग्नाकार्यात बायका म्हणायच्या, "नवरा तसा, पोरगा तसा, पण बाई सोन्यासारखी." ते ऐकून तिचा सगळा शीण उतरायचा. दोन दिवसांनी पुन्हा चढायचा, ती गोष्ट वेगळी. चेंगप्पा मात्र एकदाही तिच्याबरोबर गेला नाही. कुणी त्याला चल म्हटलंही नाही.

त्या एप्रिलात कुळाकुळांची हॉकी होती. आमच्याकडे या स्पर्धेला नातू खेळतो, आजोबा खेळतो, सासरी गेलेली लेकही माहेरच्या कुळाकडून खेळायला येते. गोलात चष्मा लावलेले काका उभे असतात आणि लोक त्यांना टाळ्या वाजवतात. शिबिराचं बोलावणं खिशात असलेल्या पोरानं तिथं जरा दमानं घ्यावं की नाही? चेंगप्पानं समोरच्या कुळातल्या शाळकरी पोराला खांद्यानं असा उडवला की ते फळकुटासारखं पडलं. पंच होते त्याच्या शाळेतले मंदण्णा मास्तर. याच पोराच्या हातात पहिली स्टिक त्यांनीच दिली होती. त्यांनी पिवळं कार्ड काढलं.

"अरे म्हाताऱ्या, आंधळा झालास काय!" कुंपणापासून उत्तय्या ओरडला. "चेंगू, जाऊ नकोस बाहेर! बघतो मी कोण काढतो ते!"

चेंगप्पानं एकदा बापाकडे पाहिलं आणि मास्तरांच्या हातावर स्टिक घातली. मनगट मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेतल्या बायकांना ऐकू आला. त्यांच्यात देचम्मा होती.

स्पर्धेच्या समितीतली मोठी माणसं त्याच संध्याकाळी बसली. उत्तय्याला आणि देचम्माला बोलावून त्यांनी स्पष्ट सांगितलं. रविवारपर्यंत चेंगप्पानं स्वतः मास्तरांच्या घरी जावं, पाया पडावं, माफी मागावी. मास्तर म्हणाले मिटलं, तर कुळाकुळांतलं भांडण कुळांतच मिटलं असं धरू. नाहीतर सोमवारी वर कळवू, मग शिबिर विसरा. उत्तय्या घरी येईपर्यंत शिव्या देत होता. घरात पाय टाकल्यावर म्हणाला, "देचम्मा, उद्या मंदण्णाकडे जाऊन ये. मध आहे ना?"

मध होता. ती गेली.

मास्तर ओसरीवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांची बायको चोंदम्मा दारात उभी राहिली, बस म्हणाली नाही. देचम्मा आपणच कडेला टेकली आणि पदर सारखा केला.

"चुकलं आमचं, मास्तर. लेकरू आहे..."

"थांब अक्का," मास्तर म्हणाले. आवाज चढा नव्हता, दमलेला होता. "शाळेत त्यानं पोरांना मारलं, तू आलीस. मला आई काढून शिवी दिली, तू आलीस. दर वेळी मी तुझ्याकडे बघितलं. या तुझ्याकडे बघण्यात पोराकडे बघायचं राहूनच गेलं. माझीच चूक ती. मास्तर ना मी?"

"त्याचं शिबिर जाईल हो. पाया पडते तुमच्या."

"तू कशाला पडतेस? तू मारलंस काय मला?" मास्तरांनी तोंड फिरवलं. "त्याला पाठव. एकटा पाठव. मी काही वाघ नाही त्याला खायला. पण तुझ्याकडे बघून आता नाही सोडायचा मी. आणि ती बाटली घेऊन जा."

बाटली परत घेऊन चढण चढताना देचम्माला पहिल्यांदा राग आला. आधी मास्तरांचा आला, मग नवऱ्याचा. अर्ध्या वाटेवर मिरीच्या वेलाला टेकून ती दम खात उभी राहिली, तेव्हा तिला आपलाच आला. लोकांनी सोन्यासारखी म्हटलं आणि आपण त्यावर भुललो, जावं तिथं पोराच्या वाट्याची मान आपणच खाली घातली. त्याला मान खाली घालायची वेळच येऊ दिली नाही. मेलं ते सोनं.

घरी येऊन तिनं सांगितलं, "मास्तर त्याला एकट्याला बोलावतात. मी पुन्हा जाणार नाही."

उत्तय्यानं थाळा सरकवला. "म्हणजे? पोराचं नुकसान झालेलं चालेल तुला? आई आहेस की कोण?"

"आईच आहे."

"त्या म्हाताऱ्याच्या पाया कोळेयंडांचा पोर पडणार? ज्याला स्टिक धड धरता येत नाही त्याच्या?"

"त्यानंच शिकवली ह्याला धरायला," देचम्मा म्हणाली आणि भांडी घेऊन मागे गेली.

चेंगप्पा दोघांचं बोलणं ऐकत पलंगावर पडून होता. तो तसा दगड नव्हता. मास्तरांचं मनगट मोडल्यापासून त्याला धड झोप नव्हती, खळ्यात ठाक ठाक बंद होती. पण त्याला वाटत होतं, आई आता नाही म्हणते आहे, शनिवारपर्यंत जाईलच. शनिवारी त्यानं विचारलंही, "अव्वा, गेली नाहीस अजून?"

"तू जायचंस."

रविवारी सकाळी त्यानं आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, केसांना तेल लावलं. उत्तय्या रागानं बाहेर निघून गेला होता, हे एक बरं. देचम्मा आक्की ओटी, म्हणजे आमच्याकडची तांदळाची भाकरी, भाजत होती. पोर फाटकापर्यंत गेलं आणि परत आलं. दारात उभं राहून म्हणालं, "अव्वा, तिथं जाऊन म्हणायचं काय असतं?"

तिचा हात तव्यावर थांबला. एवढा मोठा घोडा, आणि हे विचारतो आहे.

"म्हण, मास्तर, मी मारलं. माझं चुकलं."

तो पुटपुटला, "मास्तर, त्या दिवशी जे झालं..."

"झालं नाही. केलंस."

"पण त्यांनी कार्ड..."

"कार्ड राहू दे चेंगू. मी मारलं, एवढंच म्हण."

त्यानं ओठ हलवले. काही निघेना. हजारो लोकांसमोर गोल मारताना न घाबरणारं पोर दाराची चौकट घट्ट धरून राहिलं. "तू चल ना. तू फक्त बस तिथं. तू बोलू नकोस."

देवाशपथ, त्या वेळी तिच्या जिवाचं काय झालं ते तिलाच ठाऊक. पायात चपला सरकवायच्या आणि निघायचं, एवढंच तर करायचं होतं. वाट पायाखालची होती. ती म्हणाली, "मी नाही येणार. जा तू."

तो गेला. खळ्याच्या कडेवरून खालची भातखाचरं दिसतात, त्यांच्या पलीकडे मास्तरांचं घर. देचम्मा तिथं उभी राहून बघत राहिली. पांढरा सदरा बांधावरून ओढ्यावरच्या साकवापर्यंत गेला आणि तिथं थांबला. बराच वेळ थांबला. मग साकवाच्या कठड्यावर बसला. तव्यावरची ओटी जळल्याचा वास आला तरी ती हलली नाही. शेवटी रस्त्यावरून त्याच्या ओळखीचे दोघे मोटारसायकलवरून आले, काहीतरी बोलले, हसले. तो उठून त्यांच्या मागे बसला आणि मोटारसायकल अम्मत्ती गावाच्या दिशेनं गेली.

सोमवारी समितीनं वर कळवलं. आठवड्याच्या आत शिबिरातून फोन आला, येऊ नकोस. चौकशी होईल, दोन वर्षं तरी खेळता येणार नाही. उत्तय्यानं फोन घेतला आणि पलीकडच्या माणसाला इतक्या शिव्या घातल्या की दोनाची तीन झाली नाहीत हेच नशीब.

बाजारच्या दिवशी चोंदम्मा देचम्माला दुकानात भेटली. टाळून जाणार होती, गेली नाही. जवळ येऊन म्हणाली, "रविवारी सकाळपासून मास्तर ओसरीवर होते. पोर साकवापर्यंत आलेलं त्यांनी पाहिलं. मला म्हणाले, कॉफी ठेव, येतोय. मी ठेवली. मग परत गरम केली. उठून त्याला हाक मारू का, असंही म्हणाले, मीच नको म्हटलं. मारायला हवी होती का गं?"

"कुणास ठाऊक," देचम्मा म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

संध्याकाळी चेंगप्पा खळ्याच्या कडेला बसला होता. उत्तय्या आतून पंचाला, समितीला, सरकारला, सगळ्या जगाला दोष देत होता, आणि पोर त्याचं ऐकत नव्हतं. देचम्मा शेजारी जाऊन बसली. पाय दुखत होते तिचे.

"मास्तर वाट बघत होते तुझी," ती म्हणाली. "कॉफी ठेवली होती."

 तो तिच्याकडे वळला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, लहानपणी हरवलेली वस्तू मागताना असायचा तसा चेहरा होता.

"तू आली असतीस तर मी गेलो असतो, अव्वा."

ते खरं होतं. ती गेली असती तर तो गेला असता, मास्तरांनी त्याला जवळ घेतलं असतं, आणि आज तो शिबिरात असता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माहीत आहे मला," एवढंच ती म्हणाली.