सात नंबरचे बूट

शीलाच्या पायाला पाच नंबर लागतो, हे तिला सैन्यात गेल्यावर कळलं. तेही उशिरा.

तोवर ती सातच घालत आली होती. राळेगावच्या बाजारात तिची आई, इंदूबाई, चप्पल नेहमी मोठीच घ्यायची. "वाढतं अंग आहे ना पोरीचं. पुढच्या साली अनवानी फिरन का?" अंग वाढायचं थांबलं, सवय राहिली. भरतीसाठी पळायचे कॅनव्हासचे बूटही तसेच, पुढे चिंध्या कोंबलेले.

प्रशिक्षण केंद्रात वर्दी वाटताना रांग लांब होती. पाय कुणी मोजला नाही. खिडकीतून भांडारवाल्यानं विचारलं, "नंबर?" शीलानं सवयीनं सांगितलं, "सात."

ढगळ पँट तिनं सुईदोऱ्यानं आत घेतली. जाड कातडी बुटांना काय करणार?

"शीला, माझी पेटीपण ठेव ना तुझ्या बुटात," शेजारच्या खाटेवरची सत्यभामा चिडवायची. शीला हसायची आणि मोज्यांवर मोजे चढवायची. दौडीत टाच सुटायची, पाऊल वेडंवाकडं पडायचं, नडगीत कळ यायची. दुखतं म्हटलं तर घरी पाठवतील, म्हणून ती बोलली नाही. एका सकाळी तिला मैदानावरून उचलूनच न्यावं लागलं. हाड चिरलं होतं.

ते जुळलं आणि पुन्हा चिरलं. डॉक्टरीणबाईंनी बूट उलटा करून पाहिला, मग तिचा पाय मोजला. पाच भरला. "हा नंबर कुणी ठरवला?"

"मीच," शीला म्हणाली. मग पाय खाली घेत म्हणाली, "पोरींना विचारू नका, मॅडम. मोजा."

तिला अपात्र ठरवून घरी पाठवलं. आईला तिनं एवढंच सांगितलं, बूट बरोबर भेटले नाही.

यंदा गावातली वैष्णवी त्याच केंद्रात गेली. परवा तिचा फोन आला. "ताई, आता दोन्ही पाय मोजतात. बूट घालून मैदानात पयवतात, मंगच देतात. तुह्याच पायापासून सुरू झालं म्हनतात इथं."

"बरं झालं," शीला म्हणाली.

फोन ठेवताच इंदूबाईनं तुरीच्या शेंगा बाजूला सारल्या. "मंग आता तं तुले बलावतीन. त्यायची चूक त्यायले समजली ना!"

"नाई बलावत, आई. वय निंघून गेलं माहं."

"एक डाव इचारून तं पाह्य."

बाहेर भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पळायला निघाल्या होत्या. रोज शीलाच त्यांचा सराव घ्यायची. त्यांनी तिला हाक मारली. इंदूबाईनंच दारात जाऊन त्यांना सांगितलं, "थांबा व, येऊन राह्यली ते."

आज शीला उठली नाही. तिनं तुरीच्या शेंगा पुढ्यात ओढल्या.