‘कुलूपबंद’ शेरा खोडणारे खळीकरसाहेब

व्यंकटराव खळीकरसाहेबांची आणि माझी ओळख एका शेऱ्यावरून झाली, आणि तो शेरा माझा होता. गंगाखेडच्या पंचायत समितीत मी घरकुलांचा कंत्राटी अभियंता म्हणून नवाच रुजू झालो होतो. साहेब तिथे विस्तार अधिकारी होते. गावोगाव फिरून केलेली पाहणी मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली. कोंडाबाई नावाच्या एका बाईंपुढे मी लिहिलं होतं, ‘घर कुलूपबंद. लाभार्थी राहत नाही.’ साहेबांनी चष्मा वर सरकवला. “कुलूप कशाला लावलंय, ते विचारलंत?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या गाडीवर मागे बसवून त्या गावी नेलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, “कोंडा तोडीला गेलीया. कुलूप लावूनच जावं लागतंय की साहेब, न्हाई तर कुत्री घुसतेत.” ऊस तोडायला गेलेल्या बाईंचं घरकुल मी एका ओळीत उडवलं होतं. मला लाज वाटली, आजही वाटते.

यादी तोवर जिल्ह्याला गेली होती. आढावा बैठकीत विचारणा झाली तेव्हा साहेब उभे राहिले. “चूक माझ्या टेबलावरून गेली आहे, मीच दुरुस्त करतो,” एवढंच म्हणाले. माझी नोकरी त्या वाक्यामुळे राहिली. त्यांनी पुढे ते कधी बोलूनही दाखवलं नाही. चहाच्या वेळी मात्र “अभियंते, कडी वाजवून पाहिली का?” असं चिडवत.

नाव यादीत परत बसलं, पण जागेपाशी घोडं अडलं. आम्ही म्हणायचो, जागेचा दाखला तहसीलने द्यावा. तहसील म्हणे, आधी मोजणी. मोजणीवाले ग्रामपंचायतीचा उतारा मागत, आणि ग्रामपंचायत आमच्याच पत्राची वाट पाहत बसलेली. तहसील आणि आमच्या कचेरीत एकच भिंत. पण पत्र पलीकडे पोचेपर्यंत ऊसतोडीची टोळी जाऊन परत येई.

साहेबांनी पुढच्या दसऱ्यानंतरचा, टोळ्या निघण्याआधीचा एक दिवस ठरवला. त्या तिन्ही ठिकाणी स्वतः गेले आणि सगळ्यांना शिक्क्यांसकट त्या गावच्या पारावर एका सतरंजीवर बसवलं. कोंडाबाई समोरच होत्या. एक कर्मचारी म्हणाले, “कचेरीत गेल्यावर कळवतो.” साहेब हसले. “ज्यांना कळवायचं ते इथंच बसलेत. कळवा.” मोजणी झाली, उतारा निघाला, दाखल्यावर सही झाली, आणि मगच साहेबांनी चहा मागवला. उठताना कोंडाबाई म्हणाल्या, “आता खुशाल जाते तोडीला.”

साहेब निवृत्त झाले, पण ती सतरंजी आमच्या कचेरीत आहे. दरवर्षी टोळ्या निघण्याआधी ती गावोगाव फिरते, आणि तिच्यावर बसायला आता कुणाला दोनदा सांगावं लागत नाही.

साहेब, आपण साठी पूर्ण करत आहात. प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि आम्हाला चिडवायला आपण पुढची कित्येक वर्षं लाभोत. कोंडाबाई यंदाही तोडीला गेल्या आहेत. त्यांच्या पक्क्या घराला कुलूप आहे आणि यादीत त्यांच्या नावापुढे ‘घरकुल पूर्ण’ असं माझ्याच हातचं लिहिलेलं आहे. परत आल्या की त्या आपल्याला भेटायला येणार आहेत. त्या दिवशी तेवढं आपल्या दाराला कुलूप नको.