भाच्याविरुद्ध अर्ज

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, ही गोष्ट मी कधी लपवली नाही आणि लपवण्याचे मला कारणही दिसत नाही. गोरेगावच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली बसून मी अर्ज लिहितो. ज्यांच्या घरी पदव्या काचेत लावलेल्या आहेत असे कितीतरी मास्तर आणि एक वकीलसुद्धा माझ्या मसुद्यावरून आपापले कागद बेतून गेलेले आहेत. हे एवढ्यासाठी नमूद केले की ज्या इसमाविषयी मला लिहायचे आहे तो पदवीधर होता. अडाणी माणूस पोटासाठी लबाडी करतो, ती मी समजू शकतो. या इसमाने गळ्यात टाय बांधून केली.

हा इसम गोंदियातील एका खाजगी बँकेत कामाला होता. बँकेत पैसे ठेवायला येणाऱ्यांच्या गळ्यात विमा बांधायचा, हे त्याचे काम. गोंदियाचे शेठ लोक त्याला दारात उभे करत नसत, म्हणून तो आपल्या आजोळी वळला. आजोळ म्हणजे गोरेगावजवळचे एक धान पिकवणारे गाव, आणि त्या गावात निम्मी घरे त्याच्या मामांची: सख्खे मामा, चुलत मामा, मानलेले मामा.

आमच्या भागात भाचा म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. बहिणीचा मुलगा पाळण्यात असो की मिशीवाला, मामाने वाकून त्याच्या पाया पडायचे. त्याच्याकडून काम करून घ्यायचे नाही, त्याला उष्टे द्यायचे नाही, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. एक भाचा जेवला की शंभर ब्राह्मण जेवले, असे आमचे वाडवडील सांगत. मी स्वतः माझ्या भाच्याच्या पाया पडतो आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. परंतु या प्रथेचा कोणी धंदा मांडील, हे वाडवडिलांच्या ध्यानात आले नव्हते. जो माणूस पाया पडतो तो कागद वाचायला मागत नाही.

आठवडी बाजाराचा दिवस होता. एक बाई हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन तरातरा माझ्या सतरंजीपाशी आली. तिच्या मागे, ओळख नसल्यासारखा, तिचा नवरा.

"भाऊ, लिहा," बाई म्हणाली. "याच्या भाच्याच्या नावानं लिहा."

"भाच्याच्या नावानं नोको लिहू भाऊ," नवरा मागून म्हणाला. "बँकेच्या नावानं लिही."

"बँक आली होती का आपल्या घरी भजे खाले?"

मी दोघांना बसवले आणि हकिकत घेतली. रस्ता रुंद करताना यांच्या शेताची कडेची पट्टी गेली होती. तिचा मोबदला जमा झाला, आणि त्याच सुमारास मुलीला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली. महिनाअखेर फी भरली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. पैसा त्यासाठीच ठेवला होता. त्याआधीच भाचा घरी आला, पाटावर बसला, आणि म्हणाला, "मामा, खात्यात नुसता पडून राहीन त काय कामाचा? एकदा टाका. पाहिजे तवा काढा. डबल होते."

मामाने सही केली. पुढे विमा कंपनीतून खात्री करायला फोन आला तेव्हा भाच्याने तो स्वतःच मामाच्या कानाला धरला.

"फोनवरची बाई इचारे, योजना समजली का? हा इकडून खुणावे, हो म्हणा मामा. मी हो म्हणो," मामाने मला सांगितले, आणि हे सांगताना त्याला काही वावगे वाटत नव्हते.

विम्याचा कागद आला तोही भाच्याच्या हातून. मामाने त्या बंद पाकिटाला हळदीकुंकू लावले आणि देवघरात ठेवले. भाचा जाताना बजावून गेला, "आता उघडू नोका. दिवाळीले आपुन सारे बसून उघडू." देवघर पुसताना मुलीने ते उघडले आणि वाचले. एकदा भरायचे नव्हते. दरवर्षी तेवढीच रक्कम, बारा वर्षे. दुसऱ्या वर्षी हप्ता चुकला तर पहिल्याचेही बहुतेक पाणी.

मी कागद पाहिला. कागद हाती पडल्यापासून महिनाभरात कारण देऊन परत करता येतो, हे मला ठाऊक आहे, आणि ते भाच्यालाही ठाऊक होते. दिवाळी हा मुहूर्त नव्हता. मुदत मारण्याची ती युक्ती होती, आणि त्या मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. देवघराचा असा वापर मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझे डोके तापले ते तिथे.

मी अर्ज लिहिला. विक्रीच्या वेळी केलेली दिशाभूल, फोनवर पढवलेली उत्तरे, पाकीट न उघडण्याची ताकीद, असे सर्व मुद्दे क्रमाने मांडले. सदर इसमाचे नाव आणि हुद्दा घातला. पॉलिसी रद्द करून रक्कम परत करावी अशी मागणी केली. तीन प्रती काढल्या आणि मामाच्या हातात पेन दिले.

मामाने पेन धरले, आणि खाली ठेवले.

"इचारल्याबिगर सही कसा करू?"

मला वाटले तो बायकोला विचारायचे म्हणतो आहे. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि भाच्याला लावला. "भाचे, तुमच्या नावानं अर्ज करून राहिलो. करू का?" माझ्यासमोर आजवर लोकांनी भटजीला विचारले, मेव्हण्याला विचारले, एकाने तर बैलबाजारातल्या दलालाला विचारले. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचीच परवानगी मागणारा हा पहिला माणूस. बाईने कपाळावर हात मारला.

भाजीवाल्यांची पाले निघायच्या आत भाचा मोटारसायकलवर हजर झाला. भर बाजारात, सगळ्यांदेखत, मामा उठला आणि त्याच्या पाया पडला. भाच्याने बूटही काढले नाहीत. नुसता 'हां हां मामा' म्हणाला, जसे रांगेतल्या ग्राहकाला म्हणतात.

"क्या बाबूजी," तो माझ्याकडे वळला, "घरची गोष्ट रस्त्यावर आणून राहिले तुमी?"

"घरची गोष्ट तुम्ही बँकेच्या शिक्क्यानिशी केलीत," मी म्हणालो.

त्याने अर्ज उचलला, वाचला आणि हसला. "विश्वासघात? बाप रे. बाबूजी, कितवी शिकला तुमी?"

"सातवी. मामाला फसवायला कितवीपर्यंत शिकावे लागते?"

शेजारचा चहावाला हसला तेव्हा भाच्याचा चेहरा उतरला. मग त्याने मला सोडले आणि मामाला धरले. आवाज एकदम मऊ केला, जणू पाटावर बसला आहे.

"मामा, वर पाठवला त माही नोकरी जाईन. अन् भाच्याले देल्लेला वापस मांगतेत का कोनी? दान समजा. पोरीचा पुढच्या वर्षी पाहू ना."

मी बोलणार होतो, पण माझ्या आधी बाई बोलली. ती आतापर्यंत पोत्यावर बसून पिशवी गच्च धरून होती.

"दान होय का हा? मंग पावती कायले देल्लीस बापा? अन् पावती होय त पाया कायले पडून घेतेस?"

माझ्या तीन पानी अर्जात या तोडीचे एकही वाक्य नव्हते, आणि ते आता कुठे घालावे हे मी मनात जुळवत होतो.

मामाने हळूच विचारले, "दान म्हणून राहिले का तुमी, भाचे?"

"आता तसाच समजा ना मामा."

"मी त पोरीच्या फीचे ठेवाले देल्ले होते. दान देतानी घरी इचारा लागते. हिले नाई इचारला. पोरीले नाई इचारला. मंग तो दान कसा?"

एवढे बोलून तो पुन्हा वाकला, पुन्हा भाच्याच्या बुटांना हात लावून कपाळाला लावला, आणि माझ्या सतरंजीवर बसून तिन्ही प्रतींवर सह्या केल्या. अक्षर वाचता येत होते. "पापाचा मी पाहून घेईन," तो म्हणाला, ते कोणाला उद्देशून होते मला कळले नाही. भाच्याने गाडीला किक मारली आणि जाताना मला एक शिवी दिली, ती मी येथे लिहीत नाही.

मी सहसा सतरंजी सोडत नाही. त्या दिवशी सोडली. तिघे एसटीने गोंदियाला गेलो. काउंटरवरच्या मुलीने 'साहेब नाहीत, ठेवून जा' म्हटले. शिक्का आणि सही मारलेली पोच हातात आल्याशिवाय मी हलणार नाही, असे मी उभ्याउभ्या सांगितले, आणि हललो नाही. तक्रारीत खरी ताकद शब्दांची नसते, पोचेची असते, हे मी अनुभवाने सांगतो. थोडी कपात होऊन रक्कम फीच्या मुदतीत खात्यात आली. मुलगी नागपूरला गेली.

मला वाटले होते, आता त्या गावातून रांग लागेल. आलेही काही. अंधार पडता पडता, एकेकटे, गमछ्यात पाकीट लपवून. त्यांच्याही देवघरात तेच होते, हळदीकुंकू लावलेले. मी सर्वांना समजावले. काहींची मुदत संपायला अजून अवधी होता. एकानेही सही केली नाही. एक जण तर मलाच म्हणाला, "तू घरं फोडतेस. आमचा भाचा असा नोय." त्याचा भाचा तोच होता. हे लोक आजही हप्ते भरतात आणि दिवाळीला त्याच्या पाया पडतात. मला त्यांची दया येत नाही. डोळ्यांनी पाहून विहिरीत उडी घेणाऱ्याला दोर टाकायचा किती वेळा?

काही महिन्यांनी तो पहिला मामा बाजारात भेटला. त्याच्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या आईने, बोलणे बंद केले होते. रक्षाबंधनाला ती आली नाही. मला वाटले मुलीचे कौतुक सांगेल. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले,

"भाऊ, भाच्याची नोकरी त नाई गेली ना?"

"नाही," मी म्हणालो. "उलट मोठी खुर्ची मिळाली आहे. केबिन आहे त्याला आता."

"बरा झाला," तो म्हणाला, आणि त्याने गोंदियाच्या दिशेला दोन्ही हात जोडले.

त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही.