बोटीवरचा निळा पट्टा

पृथ्वी गोल आहे, ही गोष्ट आमच्या घरमालकांनी मनापासून कधीच माफ केली नाही. उभी नोकरी त्यांनी नांदेडच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात घालवली, त्यामुळं गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. रिक्षावाल्याला नुसतं ‘ड्रॉइंगचे सर’ म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो, आणि सोडताना रिक्षा भिंतीला समांतर लावतो, कारण तिरपी लावली तर सर ती पुन्हा लावायला लावायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची पट्टी असायची आणि खांद्यावरच्या पिशवीत गवंड्याचा ओळंबा. दोरीला टांगलेलं हे पितळेचं वजन गवंडी भिंतीला लावून बघतात. सर ते विजेच्या खांबाला लावायचे, देवळापुढच्या झेंड्याला लावायचे, आणि एकदा तर दिवाळीला आलेल्या स्वतःच्या जावयाला लावलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. जावई लातूरचे, बँकेत असतात, फार शांत माणूस. “डावीकडं झुकता तुम्ही,” सर म्हणाले. जावई म्हणाले, “हातात बॅग आहे ना, सर.” सरांनी बॅग खाली ठेवायला लावली, पुन्हा बघितलं, आणि मगच ‘या’ म्हणाले.

मी त्यांच्याकडं खोली बघायला गेलो तेव्हा नांदेडात नवाच होतो. मी उदगीरच्या पलीकडचा; आमच्या गावात भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. सातवीनंतर शाळा सोडलेली. विहिरीत पोहायला शिकलो होतो आणि डिझेल इंजिन दुरुस्त करायला येत होतं, एवढ्या शिदोरीवर गोदावरीच्या घाटावर मोटरबोट चालवायचं काम मिळालं होतं. ओळखीचं माणूस एक नाही. सरांनी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगार विचारला नाही. एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढं ठेवली आणि म्हणाले, “एक सरळ रेघ मार. पट्टी न घेता.” वार्षिक परीक्षेला घाम फुटला नव्हता तेवढा त्या दिवशी फुटला. मी रेघ मारली. ती रेघ म्हणजे उन्हात सरपटणारी अळी होती. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाले, “हात कापतो. पण रेघ मधे सोडली नाहीस, टोकापर्यंत नेलीस. दहापैकी चार. सामान घेऊन ये, उदगीर.” त्या दिवसापासून मी त्या घरात उदगीर झालो. माझ्याआधी तिथं राहिलेला रेणापूरचा कंपाउंडर रेणापूर होता, हे मला सरांच्या बायकोनं, काकूंनी, नंतर सांगितलं.

हे मार्क द्यायचं सरांचं निवृत्तीनंतरही थांबलं नव्हतं. चहाला मार्क, वरणाला मार्क, मावळत्या सूर्याला मार्क. सूर्याला एकदा साडेसात मिळाले होते. दहा कुणालाच नाही. काकू एवढी वर्षं सुगरण म्हणून गल्लीत नावाजलेल्या, पण त्यांचीही गाडी नऊच्या पुढं सरकली नाही. “माझ्या पोळ्या गोल होतात ना, हेच यांचं दुखणं,” काकू म्हणायच्या. “चौकोनी लाटल्या असत्या तर मिळाले असते दहा.” पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरायचा मान सरांना दिला, तेव्हा तर कहरच झाला. मंगलाष्टकं सुरू होणार, लोक मुठीत अक्षता घेऊन उभे, आणि सर समोरच्या माणसाला सांगताहेत, “तुमची बाजू दोन पेरं वर घ्या.” त्यानं घेतली. “फार झाली.” त्यानं खाली घेतली. भटजी घड्याळाकडं बघून म्हणाले, “सर, मुहूर्त चाललाय!” सर म्हणाले, “मुहूर्त वर्षात दहा येतात, वाकडा अंतरपाट फोटोत जन्मभर राहतो.” शेवटी नवरीनंच आतून दोन्ही हातांनी कापड सारखं केलं म्हणून ते लग्न लागलं.

मला मात्र या माणसानं फार जपलं. मी जरा घाबरट. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, आणि कुणी जोरात बोललं की माझीच काहीतरी चूक झाली असं समजून चालतो. ताप आला तर काकूंची पेज यायची, आणि पेजेबरोबर सर यायचे, माझी गादी भिंतीला समांतर आहे का ते बघायला. गावाकडून फोन आला नाही म्हणून मी उदास बसलो की ते काही विचारायचे नाहीत. शेजारी बसून वहीत रेघा मारत राहायचे. दहा-बारा रेघा झाल्या की मला बरं वाटायचं. कसं, ते मला आजही सांगता येत नाही.

तर बोटीचं असं झालं. माझी बोट फायबरची, पांढरी, आणि तिच्या दोन्ही अंगांना शोभेचा एक रुंद निळा पट्टा, त्याच्याखाली एक बारीक भगवा. चिकटपट्टीसारखा, गाड्यांवर लावतात तसल्या रेडियमचा. उन्हानं तो पार विटला होता, जागोजागी तडकून त्याचे पापुद्रे निघत होते. यात्रेकरू बोटीकडं बघायचे, पट्ट्याकडं बघायचे आणि विचारायचे, “चालती ना ही?” एक दिवस बोटीचा ठेकेदार आला आणि म्हणाला, “ऐक बे. गुरुवारी साहेब लोक बोट बघून पास करनार हायेत. नवीन दिसली पायजे. न्हाई दिसली तर मी हैदराबादहून दुसरी बोट आनतो, तिचा डायव्हर तिच्यासंगं येतो. मग तू आपला गावाकडं.”

माझं जेवण गेलं. सर म्हणाले, “पट्टाच बदलायचा ना? म्हणजे रेघच मारायची.” आणि बाह्या सरसावल्या. लातूरच्या लेकीचा केस वाळवायचा ड्रायर माहेरी राहिला होता, तो घेतला. काकूंची खोबरेल तेलाची बाटली घेतली. बुधवारी सकाळीच आम्ही बोट ट्रॉलीवर घालून, तोंड वरच्या बाजूला करून, घाटाच्या उतारावर ओढून घेतली. चहाच्या टपरीतून वायर आणली. ड्रायरनं जुना पट्टा गरम करायचा आणि टोक धरून सावकाश सोलायचा. घाई केली की तुकडे पडतात. मागं राहिलेला चिकट डिंक खोबरेल चोळून काढायचा. आम्ही दोघं बोटीला तेल चोळतोय आणि टपरीवाला ओरडून विचारतोय, “सर, चंपी झाली की दाढी बी करनार का तिची?” सरांनी त्याच्या चहाला त्या दिवशी तीनच मार्क दिले.

पट्टा निघाला, पण त्याची जागा राहिली. बाकी बोट उन्हानं पिवळसर झालेली, आणि जिथं पट्टा होता तिथं झाकलेलं फायबर पांढरंशुभ्र, अगदी घड्याळ काढलेल्या मनगटासारखं. ती पांढरी खूण मागून निघून पुढं जाताना हलके हलके वर चढत होती. मी म्हणालो, “सर, जुनी खूण समोर वर चढून राहिली. तिच्यावरच लावू का?”

“जुनी चूक गिरवायची नसते,” सर म्हणाले. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी काढली, बोटीच्या दोन टोकांना नळीतलं पाणी एका पातळीत आणलं आणि त्या दोन खुणांत ताणून दोरी बांधली. तिच्यावर आम्ही नवा पट्टा लावला. रेघ अशी सरळ, की बघून माझे डोळे भरून आले. फक्त एक होतं. मागच्या बाजूला पट्टा बोटीच्या काठापासून वीतभर खाली होता, आणि पुढच्या बाजूला चांगला हातभर. मी वीत लावून दोनदा मोजलं. पण सातवीत शाळा सोडलेल्यानं ड्रॉइंगच्या सरांना रेघ शिकवायची म्हणजे... मी गप्प बसलो. जुनी पांढरी खूण तेवढी पॉलिश करून घालवायची राहिली. सर म्हणाले, आधी पाण्यात घालून बघू.

दुपारी बोट पाण्यात उतरवली. ट्रॉली निघाली, बोट आपल्या अंगानं पाण्यावर सपाट बसली, आणि घाटावरची माणसं वळून बघायला लागली. उतारावर बोटीचं तोंड वर होतं; आम्ही पातळी धरली होती ती नळीतल्या पाण्याची, बोटीची नव्हे. आता तोंड खाली आलं आणि त्याच्याबरोबर सरांची रेघही खाली आली. निळा पट्टा मागून निघून पुढं सरळ पाण्यात शिरत होता. चांगली भरभक्कम बोट, पण बघणाऱ्याला वाटावं की ती आत्ता बुडी मारते. इस्लापूरकडची एक आजी पैलतीरावर जायला उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि नातवाला म्हणाली, “म्या न्हाई बसत रे बाबा हिच्यात. ही तर तोंडावर पडून राहिली.”

नेमका तेव्हाच ठेकेदार आला. “काय बे,” तो ओरडला, “ही बोट हाय का डबक्यात बसायली म्हैस? कुनी केलं हे?”

“चुकलं मालक,” मी म्हणालो. माझ्या तोंडून ते आपोआपच निघतं. “माझीच—”

“थांब,” सर म्हणाले. ते पायऱ्या उतरत आले. पांढरी पँट, पॉलिश केलेले बूट, तसेच शेवटच्या पायरीवरच्या पाण्यात उभे राहिले. उभ्या नोकरीत ज्या माणसानं फळ्यावरची रेघ पुसून पुन्हा मारली नव्हती, तो म्हणाला, “रेघ माझी आहे, ठेकेदार. मी उतारावर पातळी धरली, ते पहिलीतल्या पोराच्याही लक्षात यायला पाहिजे होतं. हा मला सकाळीच सांगत होता. मी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत बोट नीट होईल. नाही झाली तर उद्या साहेबांपुढं मी उभा राहतो आणि हेच सांगतो.” ठेकेदार कधीकाळी सरांच्याच वर्गात होता की काय कोण जाणे, तो नुसता “हाव सर” म्हणाला आणि टपरीवर जाऊन बसला.

बोट पुन्हा वर घेतली. सरांनी ओळंबा आणि नळी पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली, आणि ड्रायर माझ्या हातात दिला. “तू लाव,” म्हणाले. “मी गुंडाळी धरतो.” नवाकोरा पट्टा सोलताना जीव तुटत होता. रेडियमच्या दुकानातून दुसरी गुंडाळी आणली. जुन्या पांढऱ्या खुणेवर मी पट्टा मागून पुढं एका ओढीत नेला, दाबला नाही, लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं, परत येऊन केसभर उचलला, मग फडक्यानं बसवला. सर गुंडाळी धरून माझ्यामागं सरकत होते. त्यांना ते किती जड गेलं असेल, हे मला त्यांच्या मानेवरच्या शिरा सांगत होत्या.

दिवस मावळायच्या आत बोट पाण्यात गेली. पट्टा पुढं हलकासा वर चढत होता आणि उभी बोट निघाल्यासारखी दिसत होती. ती आजी अजून तिथंच होती. ती चढून सगळ्यात पुढं बसली. सर पुष्कळ वेळ बघत राहिले. “सरळ नाही,” ते म्हणाले. “पण बरोबर आहे.” मग पट्ट्याच्या मागचा सोललेला कागद त्यांनी उचलला, लाल पेन्सिलीनं त्याच्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिला. दहापैकी नऊ. काकूंच्या बरोबरीचे.

“एक कुठं कापला, सर?” मी विचारलं. कसं विचारलं, देव जाणे.

“सकाळी एकदाच सांगितलंस,” सर म्हणाले. “दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस? त्याचा.”

गुरुवारी बोट पास झाली. मी नांदेडलाच राहिलो, त्याच खोलीत. सर आणि काकू मात्र आता लेकीकडं लातूरला असतात. सरांच्या डोळ्यांत मधोमध काहीतरी बिघडलंय, त्यामुळं त्यांना सरळ रेघ लाटेसारखी दिसते. डॉक्टरांनी तपासायला चौकटींचा कागद पुढं धरला, तर सर डॉक्टरांना म्हणाले, “छापखाना बदला.” काकू हे फोनवर हसत सांगतात आणि सांगता सांगता थांबतात.

मी घराला रोज झाडू मारतो, रिक्षावाले अजून भिंतीला समांतर थांबतात. परवा बोटीचा पट्टा पुन्हा विटला म्हणून बदलायला काढला. ड्रायर इथंच आहे. लावायच्या आधी सरांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “यंदा जरा सरळ घे.”

“न्हाई सर,” मी म्हणालो. “समोर वर चढवून राहिलो.”

“मी सांगतोय ना, सरळ घे.”

हात कापत होता. “न्हाई सर,” मी पुन्हा म्हणालो, टपरीवाल्यानं वळून बघावं एवढ्या जोरात. “जुन्या खुणेवरच लावनार.”

पलीकडं कसला तरी खण धाडकन उघडला. सर रागावले असतील, फोन ठेवतील, असं वाटून मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात लांबून काकूंचा आवाज आला, “अहो, ती लाल पेन्सिल कशाला शोधताय? दिसतं का तुम्हाला?”