गाण्यावरची रेघ

रेडिओ केंद्राच्या तळघरात तबकड्यांची खोली होती आणि त्या खोलीत तबकडीबाई. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकालाच ठाऊक. तबकड्या पुसायच्या, जागेवर लावायच्या आणि एखाद्या गाण्यावर बंदी आली की ते कुणाला वाजवता येऊ नये म्हणून त्यावर खिळ्याने रेघ ओढायची, हे तिचं काम. रेघ हलकी पडून गाणं वाजलंच, तर निवेदकाची नोकरी जायची. म्हणून बाई खोल ओढायची, पण शेजारच्या गाण्याला धक्का लावायची नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढंच तिचं राजकारण.

मग संपाचे दिवस आले. तिच्या धाकट्या भावाचं गाणं कारखान्यांच्या फाटकांपाशी लहानथोर म्हणू लागले. गाण्यात होतं काय, तर पगाराची वाट बघणारी बायको आणि पाय थिरकवणारा ताल. तेवढंही वरच्यांना झोंबलं. हुकूम खाली आला आणि बाईने खिळा उचलला. आईमागे तिनेच वाढवलेलं पोर ते! पण नाही म्हटलं, तर उद्या चूल कशावर पेटणार? तबकडीवर इतरांचीही गाणी होती. रेघ नेमकी त्याच्याच गाण्यावर पडली.

निवेदकाने ती तबकडी भावाला दाखवली, तसा तो बहिणीच्या घरी आला. "रेघेचं काही नाही, ताई," तो म्हणाला. "निदान हात तरी थरथरायचा होता."

त्यानंतर त्याने तिचा उंबरा ओलांडला नाही. रेघ ओढताना बाई दरवेळी आपल्या हाताकडे बघायची. मेला कधी हलायचा नाही. त्याची तिलाच लाज वाटायची, आणि भाऊ परत येईल ही आशाही सुटायची नाही.

शेवटी राज्यकर्ते पळाले. रस्ते त्याच गाण्यावर नाचले आणि केंद्रावर गाण्यांचा प्रमुख म्हणून भाऊच आला. बाईने खोली झाडली, ठेवणीतले कपडे घातले. तो खाली आला, "किती वाळलीस गं," म्हणाला, आणि तिला सगळं भरून पावल्यासारखं झालं.

मग त्याने कपाटातून जुन्या राजवटीच्या लाडक्या गायकांच्या तबकड्या काढून टेबलावर रचल्या. त्यात एक नाचाचं गाणं असं, की ज्यावर अख्ख्या गावाची लग्नं लागली होती. लोकांना आता ही ऐकवत नाहीत, यांच्यावर रेघा ओढायच्या, असं त्याने सांगितलं.

बाईला राग आला नाही. रागावण्याइतकं त्राणच उरलं नव्हतं. तिने खिळा त्याच्यापुढे धरला.

"मी दमले रे. तूच ओढ."

तो हसला, पण खिळा घेतला. पहिल्याच तबकडीवर हात असा थरथरला, की रेघ सगळ्या गाण्यांवरून वेडीवाकडी गेली. पोर अजून आपलंच आहे, असं तिला वाटलं. खिळा परत घ्यायला तिने हात पुढे केला.

"ही फुकट गेली," तो म्हणाला. "दुसरी दे."

दुसरीवर रेघ नेमकी पडली.