अडलेल्या कामाचा रकाना

गोंदियाजवळच्या फुलचूरमधल्या आमच्या ऑफिसात रोज सकाळी नऊ वाजता सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहायचं, असं ठरलं तेव्हा पहिली शंका खुर्च्यांबद्दल निघाली. खुर्च्या असताना उभं काऊन राहायचं, असं एका फिटरनं विचारलं. बसलं की बोलणं लांबतं, उभं राहिलं की पंधरा मिनिटांत आटोपतं, असं नागपूरहून शिकवायला आलेल्या मॅडमनी सांगितलं. "मंग ग्रामसभेलेबी उभीच ठेवा मॅडम," तो म्हणाला. सगळे हसले, मॅडमही हसल्या.

आमची संस्था हातपंप दुरुस्त करते. ग्रामपंचायतीचा फोन आला की फिटर मोटारसायकलनं जातो. पाइप बदलायचे असतील तर मागून पिकअप जाते. आठ फिटर, पिकअपचा ड्रायव्हर, स्टोअर सांभाळणाऱ्या ताई, एक सुपरवायझर आणि संचालक एवढी माणसं. माझं काम नोंदी ठेवण्याचं. त्याआधी बरीच वर्षं मी वर्तमानपत्रात होतो. कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायची सवय तिथून आली.

पंप खरोखर सुरू झाला की नाही, हे ऑफिसला त्या गावाचा दुसरा फोन आल्यावरच कळायचं. त्यावर उपाय म्हणून संचालकांनी मॅडमना बोलावलं. त्या आधी सॉफ्टवेअर कंपनीत होत्या. तिथं चालणाऱ्या या पद्धतीला अजाईल म्हणतात, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि नंतर तो शब्द फारसा वापरला नाही. पंधरा दिवसांचं काम आधी ठरवायचं. प्रत्येक पंपाचं एक कार्ड करायचं. फळ्यावर चार रकाने: करायचं, चालू, अडलं, झालं. रोज प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलं, एवढंच सांगायचं. आपलं कार्ड आपणच सरकवायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पंधरा दिवसांनी काय चुकलं ते सगळ्यांनी मिळून पाहायचं आणि पुढची रीत बदलायची.

पहिल्याच आठवड्यात एका फिटरनं आपलं कार्ड 'अडलं'मध्ये लावलं. सुपरवायझर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते. त्यांनी त्याच दुपारी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. काम अडलं की खुलासा घ्यायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. फिटरनं पानभर खुलासा लिहून दिला. त्यानंतर त्या रकान्यात एकही कार्ड आलं नाही.

पंधरा दिवसांनी मॅडम पुन्हा आल्या तेव्हा सुपरवायझरनी तो रकाना मोठ्या समाधानानं दाखवला. एकही काम अडलेलं नाही, असं ते म्हणाले. "सर, हा रकाना रिकामा दिसला की मला भीती वाटते," एवढंच मॅडम म्हणाल्या. नंतर खुलाशाची गोष्ट निघाली. यापुढे खुलासा मागायचा नाही, असं संचालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सुपरवायझरनी मान डोलावली. रकाना तरीही रिकामाच राहिला.

त्याच दिवसांत सालेकसाकडच्या जंगलातल्या एका टोल्यावरचा, लहानशा वाडीवरचा, पंप 'चालू' या रकान्यात होता. ते कार्ड मिस्त्रींचं होतं. मिस्त्री म्हणजे आमचे सर्वांत जुने फिटर. तिशीतल्या फिटरांना पाना धरायला त्यांनीच शिकवलं. सरपंच फोनवर संस्थेचं नाव न घेता "मिस्त्रीले पाठवा" म्हणत. मिस्त्री गेले की पाणी येतं, हा त्यांचा लौकिक होता आणि त्यांनी तो जपला होता. न झालेल्या पंपाबद्दल ते कधी 'नाही झाला' म्हणत नसत. 'उद्या होते' म्हणत आणि दुसऱ्या दिवशी खरोखर करत.

त्या टोल्यावरच्या पंपाबद्दल माझ्या वहीत लागोपाठ अकरा सकाळी त्यांचं एकच वाक्य आहे: काम चालू आहे, उद्या होते. या अकरा दिवसांत ते पाच वेळा तिथं जाऊन आले होते. दोनदा वायसर बदलले, एकदा बोअरमधून पाणी वर ओढणारा सिलिंडर. पंप मारला की पाच-सात मिनिटं पाणी येई, मग दांडी हलकी पडे आणि पाणी तुटे. टोल्यातल्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा खोदून त्यात साचेल ते पाणी आणत होत्या. हे कुणी बोलत नव्हतं, पण मिस्त्रींच्या हातून एक पंप सुटत चाललाय, हे बाकीच्या सातही फिटरांना कळलं होतं. एकदा स्टोअरसमोर कुणीतरी म्हणालं की आता मिस्त्रीलेबी चष्मा लागला वाटते. मिस्त्रींनी ते ऐकलं आणि ते पाइप मोजत राहिले.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांची पाळी आली. ते फळ्याजवळ गेले, 'चालू'मधलं कार्ड काढलं आणि 'अडलं'मध्ये लावलं. टाचणी नीट बसेना म्हणून दुसऱ्यांदा दाबली. मग आमच्याकडे तोंड केलं.

"माझ्याच्यानं होऊन नाही राहिला," ते म्हणाले. "काल तिथली म्हातारी म्हणे, उद्या नको येऊ बाबू. तू आला का आस लागते. आता कोणाले समजत असंल तं सांगा."

वर्तमानपत्रात असताना मी मंत्र्यांना राजीनामे देताना ऐकलं आहे. इतकं सरळ बोलताना कुणाला ऐकलं नव्हतं. मी ते शब्द तसेच लिहून घेतले. सुपरवायझर काय विचारतात इकडे मात्र सगळ्यांचं लक्ष होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "मिस्त्री, तुम्ही तिथं किती वाजता पोचता?"

दुपारी पोचतो, असं मिस्त्री म्हणाले. त्यावर मागं दाराशी टेकून उभा असलेला ड्रायव्हर पुढं सरकला. तो गोंदियाचा, हिंदीच बोलतो. या सभेत तोवर तो 'गाडी ठीक है' यापलीकडे काही बोलला नव्हता.

"उस्ताद, बांधी के उस पार मोटर चलती है ना? उन्हाळी धान को पानी देते हैं. मैं गाडी वहीं लगाता हूँ, छाँव में. जब तक लाइट रहती है, चलती है."

धानाच्या शेतापलीकडची ती मोटार टोल्यातल्याच एकाची होती, म्हणून गावकऱ्यांनी तिचा विषय काढला नव्हता. आणि मिस्त्रींनी पाचही वेळा फक्त बोअरमध्ये पाहिलं होतं. मोटार सुरू असेपर्यंत जमिनीतलं पाणी खाली जाई आणि सिलिंडर उघडा पडे, हे आता कुणाला शिकवावं लागलं नाही. सिलिंडर आणखी खाली सोडायला हवा, असं दोन फिटर एकदमच बोलले. बोअर तेवढा खोल आहे का, हा प्रश्न आला. स्टोअरच्या ताई आत जाऊन जुनं रजिस्टर घेऊन आल्या, बोट ठेवून खोली वाचली आणि म्हणाल्या की आहे, तीन पाइप जास्तीचे आजच देते. ज्यानं चष्म्याचा टोमणा मारला होता तो पाइप गाडीत टाकायला आधी निघाला. घड्याळात नऊ वाजून चौदा मिनिटं झाली होती.

त्या दिवशी मीही पिकअपमध्ये गेलो. तीन पाइप वाढवून सिलिंडर खाली गेला तेव्हा लाइट होती आणि बांधीपलीकडे मोटार धडधडत होती. मिस्त्रींनी दांडी एका बाईच्या हातात दिली. हंडा भरला, दुसरा भरला, तिसरा भरला, आणि पाणी सुरूच राहिलं. म्हातारी मिस्त्रींना काही म्हणायला आली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरकडे बोट केलं. "यानं सांगतला. मले दिसलाच नाही," ते म्हणाले. ड्रायव्हर लाजून गाडीची काच पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी फळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा 'अडलं'मध्ये चार कार्डं होती. चार जणांची चार अक्षरं, सभेआधीच लावलेली. पंधरवड्यांचं शिकवणं आणि संचालकांचा आदेश यांनी जे झालं नव्हतं, ते मिस्त्रींच्या तीन-चार वाक्यांनी झालं होतं.

सभा संपली. मिस्त्री बाजूला उभे होते. आता आपल्याला कोण विचारणार, असं त्यांच्या मनात असेल असं मला वाटलं. त्यांनी तसं म्हटलं नाही. तेवढ्यात खुलासा लिहिलेला तो फिटर आपलं कार्ड दाखवत त्यांच्याकडे आला.

"काका, माझ्या बोअरवर येता का आज? मी गेलो तं मले दांडीच दिसते फक्त."

मिस्त्रींनी बोअर कोणत्या गावचा, पाणी गढूळ येतं की अजिबात येत नाही, हे विचारलं. मग पान्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून कामाला जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.