एनोकनं घेतलेलं नाव

एनोक मायलिआऊ फुटलेले चेंडू शिवायचा. आमच्या बेटांच्या राजधानीत, होनियारात, कुकुमच्या रस्त्यालगत त्याचं खांबांवरचं घर होतं. घराखालच्या सावलीत तो वाकडी सुई आणि मासेमारीचा दोरा घेऊन बसलेला असायचा. बूट, ताडपत्री, पोरांची दप्तरं, काहीही शिवून द्यायचा, पण चेंडू आला की बाकीचं सगळं बाजूला पडायचं. त्यानं शिवलेला चेंडू पुन्हा त्याच जागी उसवलेला मी पाहिला नाही. वीस वर्षं मी त्या रस्त्यावर बस चालवली, तेव्हा हे मी खात्रीनं सांगू शकतो.

गावात त्याला मान होता तो मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. शनिवारी लॉसन टामा मैदानालगतच्या टेकडीवर आम्ही सगळे गवतात बसून फुटबॉलची मॅच बघायचो. आमच्या माना चेंडूबरोबर फिरायच्या. एनोक चेंडूकडे बघायचाच नाही. ज्यांच्या पायाशी चेंडू नाही त्यांच्याकडे बघत बसायचा आणि मधेच हळूच म्हणायचा, "तो डावीकडचा पोरगा दमलाय. आता तिकडूनच गोल खाणार." दहा मिनिटांत तिकडूनच गोल व्हायचा. म्हणून सालोमे मावशीच्या सुपारीच्या टपरीवर कितीही हमरीतुमरी झाली तरी शेवटचा शब्द एनोकचा असायचा. त्यालाही ते ठाऊक होतं आणि तो शब्द जपून वापरायचा.

त्या वर्षी आमचा राष्ट्रीय संघ पात्रता फेरीतच गारद झाला आणि प्रशिक्षक घरी गेला. आता नवा कोण, हा प्रश्न टपरीवर आला आणि सहा आठवडे तिथंच मुक्कामाला राहिला. एक स्पॅनिश माणूस इच्छुक होता, एक न्यूझीलंडचा होता आणि तिसरा आमचा हडसन. हडसननं उभा जन्म एका चर्चच्या शाळेत अनवाणी पोरांना खेळ शिकवण्यात घालवला होता. राष्ट्रीय संघातले चार जण त्याच्याच हाताखालून गेलेले.

"परदेशी माणूस पहिल्या महिन्यात मलेरियानं आडवा होतो आणि दुसऱ्या महिन्यात विमानात बसतो," सालोमे मावशी चुन्याची बाटली पुढे सरकवत म्हणायची.

"आणि आपला माणूस आला की मावशी, संघात अकराच्या अकरा त्याचे भाचे-पुतणे," कोणीतरी लगेच तिला गप्प करायचा.

शेवटी आमच्या समर्थक मंडळानं ठरवलं की फुटबॉल फेडरेशनला एकच नाव कळवणारं पत्र पाठवायचं. त्यासाठी मंडळाच्या शेडमध्ये एका शनिवारी हात वर करून मतं घ्यायची होती. साहजिकच सगळे एनोकच्या तोंडाकडे बघू लागले. स्पॅनिश माणसाबद्दल तो अर्धा तास बोलला. न्यूझीलंडवाल्याची त्यानं दोन वाक्यांत वासलात लावली. हडसनचं नाव निघालं की मात्र सुपारी तोंडात टाकायचा, खाली बघत राहायचा आणि उठून घरी जायचा. असं तीनदा झालं.

आणि तिसऱ्या वेळी मी तोंड उघडलं. मी गिझोचा, पश्चिमेकडचा. आमच्याकडे माणूस असा गप्प बसतो तेव्हा त्याला वाईट बोलायचं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. मी म्हणालो, "एनोक गप्प आहे, म्हणजे त्याला काहीतरी माहीत आहे." एवढंच म्हणालो आणि बस घेऊन निघून गेलो.

त्या एका वाक्याला पाय फुटले. मंगळवारी कोणीतरी म्हणालं, हडसन गुपचूप गावठी दारू पितो म्हणे. गुरुवारी तो पोरांना मारतो असंही झालं. पुढच्या आठवड्यात माझ्याच बसमध्ये दोन बाया बोलत होत्या की आम्ही मुलांना सरावाला पाठवणं बंद केलंय. मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि बस चालवत राहिलो. तेव्हाच बोललो असतो तर पुढचं टळलं असतं. नाही बोललो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

त्याच संध्याकाळी मी एक चेंडू शिवायला घेऊन एनोककडे गेलो. खरं तर मला काय ते विचारायचं होतं. त्याची बायको दोर्कस चुलीपाशी कसाव्याचे कंद सोलत होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. काय झालं म्हणून विचारलं तर ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "मिल्टनभाऊ, माझ्या भावाला दारुडा ठरवलंय तुम्ही लोकांनी."

"तुझा भाऊ?"

"हडसन. सख्खा."

मी एनोककडे बघितलं. तो नुसता शिवत होता. मग दोर्कसनंच सांगितलं. मलाइता बेटावर त्यांच्या डोंगराकडे बायकोच्या भावाचं नाव तोंडातून काढत नाहीत. चारचौघांत त्याच्याबद्दल बोलायचं नाही. निंदा नाही आणि स्तुतीसुद्धा नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, एनोकनं ते नाव एकदाही घेतलं नव्हतं. घरात तो 'पोरांचे मामा' म्हणायचा. टपरीवर त्यांच्या डोंगराकडचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आम्हा कुणाला काही कळलं नाही. नाव घेतलंच तर शिंपल्यांचा हार, म्हणजे आमच्याकडचं जुनं धन, घेऊन जायचं आणि मेहुण्याला द्यायचा. त्यानं हार घेतला की जे बोललं गेलं ते पुसलं. मग ते कुणी पुन्हा काढायचं नाही. हार दिला जाईपर्यंत बहिणीनं नवऱ्याच्या घरी राहायचं नाही.

मी म्हणालो, "एनोक, मी शनिवारी सांगतो सगळ्यांना. चूक माझी आहे."

त्यानं दोरा दातानं तोडला. "सांग," म्हणाला. "ऐकतील का बघ."

नाही ऐकलं. शेडमध्ये मी उभा राहून सगळं सांगितलं, तर मागून एक जण म्हणाला की मेहुण्याला वाचवायला एनोकनं ड्रायव्हरला पढवून पाठवलंय. लोक हसले. मग एनोक उठला. तो उठला तसं हसू थांबलं.

"हडसन," तो म्हणाला.

मागे बायकांमध्ये दोर्कस बसली होती. तिनं नुसतं नाव ऐकलं आणि पिशवी उचलली.

"हडसन दारू पीत नाही. त्यानं एकाही पोरावर हात उचललेला नाही. तुम्ही म्हणता, एनोकला खेळ दिसतो. मला दिसतो तो खेळ संपेपर्यंत. हडसनला पोरगं दहा वर्षांचं असताना दिसतं की हा पुढे कसा खेळेल. त्याच्यापुढे मी कोणी नाही."

तो खाली बसला तेव्हा दोर्कस शेडच्या बाहेर पडली होती. ती रागावली नव्हती. तिला जाणं भागच होतं.

सगळे हात हडसनसाठी वर झाले आणि पत्र गेलं. महिन्याभरानं स्पॅनिश माणसाची नेमणूक झाली. कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पण पोरं हडसनकडे सरावाला परत आली, तीही पहिल्यापेक्षा जास्त.

पुढचं मी सांगू नये खरं तर. पण एनोक आणि हडसन दोघेही आता या जगात नाहीत आणि हे कुणाला ठाऊक नसावं असंही मला वाटत नाही. सभेनंतर दुसऱ्या रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, एनोक आणि मी हार घेऊन हडसनच्या अंगणात गेलो. हारातला एक पदर माझ्याकडचा होता. एनोकनं तो चालवून घेतला, यात त्याचा मोठेपणा.

हडसन पायरीवर उभा होता. एनोकनं दोन्ही हातांनी हार पुढे केला. त्याची नजर जमिनीकडे होती. हडसननं हात पुढे केला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "मी हे घेतलं की तुम्ही बोललात ते पुसलं जाणार."

"हो. त्यासाठीच आणलंय."

"आणि नाही घेतलं तर दोर्कस इथंच राहणार."

एनोकनं हार तसाच पुढे धरून ठेवला.

"तीस वर्षं पोरांना शिकवतोय," हडसन म्हणाला. "माझ्याबद्दल असं कुणी बोललेलं नाही. तुम्ही बोललात तेव्हा मी तिथं नव्हतो. लोकांनी येऊन सांगितलं, कुणी एक सांगितलं, कुणी दुसरं. तुमच्या तोंडून मी ऐकलंच नाही." त्यानं हाराकडे बघितलं. "घ्यायच्या आधी एकदा म्हणा. मग पुसू."

एनोकनं मान वर केली. त्यानं मेहुण्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं. त्यानं नाव घेतलं. मग शेडमधलं सगळं पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश, एकही शब्द न गाळता. दोर्कस दारात तोंडावर हात धरून उभी होती. मी अंगणाच्या कडेला गेलो, कारण मला तिथं उभं राहवेना.

हडसननं शेवटपर्यंत ऐकलं. मग एक पायरी खाली उतरून त्यानं मान वाकवली आणि एनोकनं हार त्याच्या गळ्यात घातला.